चकचकीत पत्र्याच्या आत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे, बोलण्याची ढब मात्र तशीच राहू दिली आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आपलं गलबत'. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून गेटाच्या आत डाव्या हाताला जी मोकळी जागा आहे तिथे स्टेनलेस स्टीलचं शिडाचं गलबत उभं करायचं, चौदा फूट उंच, खालून दिवे सोडायचे, अशी कल्पना समितीने मांडली आहे. तरुण मंडळींना ती आवडली आहे. मलाही आवडली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी बोलायला उभा राहिलो की 'काका आता नाही म्हणणार' असं काहींच्या चेहऱ्यावर दिसायला लागतं. एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. तिथे नाही म्हणायची सवय लागते, त्याला माझा इलाज नाही.

मी बी.कॉम. झालेला माणूस, शिल्पकलेतलं मला काय कळणार? पण माझा भाचा जे.जे.मधून शिल्पकला शिकला आणि भोसरीत एका कारखान्यात स्टीलची मोठी शिल्पं करतो. गलबताचा विषय निघाल्यापासून मी त्याचं डोकं खाल्लं. फोनवर भागेना म्हणून चार दिवस त्याच्याकडे जाऊन राहिलो. भाच्याने आपल्याला दरपत्रक दिलेलं नाही आणि देणारही नाही, ते दार मी पहिल्या दिवशीच बंद केलं. तर त्याच्याकडे जे पाहिलं ते, आणि त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या चुकीतून जे समजलं ते, असं दोन्ही आज सांगणार आहे. चूक आधी सांगतो.

२००९ साली मी आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. गच्चीचा जुना लोखंडी कठडा गंजून गेला होता, म्हणून स्टेनलेसचा करायचं ठरलं. तीन दरपत्रकं आली. त्यातलं सर्वांत स्वस्त मी उचलून धरलं. काम करणारा माणूस गोड बोलणारा होता. त्याने खिशातून लोहचुंबक काढून पाइपला लावून दाखवलं. चिकटलं नाही. 'बघा साहेब, अस्सल स्टेनलेस.' आम्ही पाचही जण माना डोलावून मोकळे. काम वेळेत झालं, गच्ची झगमगायला लागली. त्या वर्षीच्या इतिवृत्तात माझ्या अभिनंदनाचा ठराव आहे, हवा तर काढून बघा.

२०१३ च्या मे महिन्यात आमच्या सौ. गच्चीवर सोलं वाळत घालायला गेल्या. खाली बसून उठताना आधाराला कठडा धरला, तर दोन खांब मुळातून सुटले आणि कठडा बाहेरच्या बाजूला कलंडला. ती आत पडली म्हणून आज समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. मनगट मोडलं. अजूनही डाव्या हाताने कळशी उचलत नाही. त्या दिवसापासून आजवर तिने मला त्या ठरावाची आठवण एकदाही करून दिलेली नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी आपल्या कट्टा बाजारातल्या एका वेल्डिंगवाल्याला बोलावलं. खांबाच्या पायथ्याला एक चकचकीत वाटी बसवलेली असते, ती त्याने वर सरकवली. आत साध्या लोखंडाची पट्टी आणि साधेच लोखंडी बोल्ट. चार पावसाळ्यांचं पाणी त्या वाटीत झिरपून साचत होतं. बोल्ट बोटांनी चुरडला, बिस्किटासारखा. तो माणूस एवढंच म्हणाला, "सायबानू, पाणी कोणाची भीड ठेवणा नाय."

गलबताबद्दल मी जे काही पुढे बोलणार आहे ते सगळं त्या वाटीच्या आतलं आहे.

आता स्टेनलेस स्टील म्हणजे काय, ते थोडक्यात. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. इंग्लंडात शेफील्ड गावी हॅरी ब्रेअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलाद बनवत होता, त्यात १९१३ साली हे त्याच्या हाती लागलं, आणि पहिला उपयोग झाला तो सुऱ्या-काट्यांसाठी. यातलं क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर एक पापुद्रा धरतं. इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो परत धरतो. म्हणजे हे स्टील गंजत नाही याचं कारण ते स्वतःला सतत झाकून घेतं. पण जिथे हवा पोचत नाही आणि खारट ओल साचून राहते, म्हणजे वॉशरखाली, फटीत, त्या वाटीच्या आत, तिथे त्याला झाकून घेता येत नाही.

त्यातही जाती आहेत. तुमच्या घरातल्या चांगल्या डब्याच्या बुडाला १८/८ असं कोरलेलं असतं, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. बाजारात त्याला ३०४ म्हणतात. निकेल महाग, म्हणून ते कमी करून त्याच्या जागी मँगनीज घालतात, ते २०२. दिसायला दोन्ही सारखी, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. म्हणजे त्या माणसाने आम्हाला जी परीक्षा करून दाखवली ती परीक्षाच नव्हती! आणि तिसरी जात ३१६, तिच्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं. समुद्राकाठी, खाऱ्या वाऱ्यात टिकणारी ती. हिचाच कमी कार्बनचा प्रकार ३१६ एल, वेल्डिंग करायचं असेल तर तो घ्यावा, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने साध्या प्रकारात सांध्याच्या कडेची गंजाला तोंड देण्याची ताकद कमी होते. कट्टा काही अगदी वाळूवर वसलेलं नाही, मालवण बंदराइतका खारा वारा आपल्याकडे येत नाही हे खरं. पण मृगापासून हस्तापर्यंत नैर्ऋत्येचा वारा काय काय घेऊन येतो ते गॅलरीच्या ग्रिलना विचारा. ३१६ नसलेलं स्टील आपल्याकडे लगेच मोडून पडत नाही, पण त्यावर चहा सांडल्यासारखे तांबूस ओघळ उतरायला लागतात. गलबताच्या शिडावर असे ओघळ आले तर मग रौप्यमहोत्सव कसला?

भाच्याच्या कारखान्यात मी गेलो तेव्हा तिथे एका कंपनीच्या आवारासाठी ओंजळ चालू होती. दोन हातांची ओंजळ, अकरा फूट उंच. आधी शिल्पकाराने मातीत हातभर उंचीचा नमुना केला होता. तो यंत्राने टिपून घेऊन संगणकावर मोठा करतात आणि मग त्याचे तुकडे पाडतात, कोणता पत्रा कुठे कापायचा ते ठरवायला. शिंपी कापड बेततो ना, अगदी तसं. भाच्याला मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "मामा, फरक एवढाच, की कापडाला दोन्हीकडून झोल देता येतो, पत्र्याला नाही." पत्रा एका दिशेने वाकवणं सोपं. पण तळहाताचा खोलगटपणा दोन्ही दिशांनी असतो, तो ठोकूनच आणावा लागतो. पुण्यातल्या तांबट आळीत तांब्याचे हंडे ठोकतात ते आपण पाहिलेलं असतं. तांबं तापवलं की मऊ होतं आणि ऐकतं. स्टेनलेस ठोकता ठोकता आणखी ताठ होत जातं. एका अंगठ्यावर दोन कारागीर तीन दिवस बसले होते.

मग सांधणं. आर्गन वेल्डिंग, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून वायूचं छत्र धरून केलेलं. यात गंमत अशी, की स्टेनलेस उष्णतेने साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं आणि उष्णता लवकर पुढे सोडत नाही. म्हणून एका जागी सलग वेल्डिंग केलं की पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, मध्ये थांबायचं. घाई करणारा माणूस या कामाचा नाही. सांध्याच्या कडेला मोरपंखी रंग चढतो, निळा-सोनेरी. मला तो फार सुंदर वाटला. भाचा म्हणाला, हाच सगळ्यात वाईट. त्या रंगाखालचा पापुद्रा बिघडलेला असतो, गंज तिथूनच सुरू होतो. तो काढायला आम्लाचा लेप लावतात, हातमोजे, मुखवटा सगळं घालून, आणि मग भरपूर पाण्याने धुतात. या कामाला वेळ आणि पैसा लागतो आणि झाल्यावर कोणाला ते केलं होतं हे दिसतही नाही. म्हणून स्वस्त दरपत्रकात आधी गळतं ते हेच.

एका कोपऱ्यात फळीवर लिहिलं होतं, 'चाक फक्त एस.एस.साठी'. साधं लोखंड घासलेलं चाक स्टेनलेसवर चालवलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्या पावसात त्यांना गंज येतो. लोकांना वाटतं स्टेनलेस गंजलं. मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं, कारण आपल्याकडच्या बहुतेक वर्कशॉपमध्ये खिडकीच्या ग्रिलला आणि स्टेनलेसला तोच ग्राइंडर फिरतो.

पण भाच्याने मला सगळ्यात जास्त वेळ दाखवला तो सांगाडा. ओंजळीचा पत्रा तीन मिलिमीटरचा, म्हणजे एका चौरस मीटरला चोवीस किलो वजन. तो स्वतःच्या जिवावर उभा राहत नाही. आत पाइपांचा पिंजरा असतो, वारा आणि वजन तो पेलतो. बाहेरचा पत्रा म्हणजे कातडी. आणि पैसे वाचवायचे ठरवलं की लोक बाहेरून ३१६ लावतात आणि आत साधं लोखंड घालतात. आत कोण बघतो?

ही चूक फक्त आपल्याकडेच होते असं नाही, मोठमोठ्यांकडून झाली आहे. १९३७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी व्हेरा मुखिना या रशियन शिल्पकार बाईंनी कामगार आणि शेतकरी स्त्री असं जोडशिल्प केलं. स्टेनलेसच्या पत्र्याचं, जवळजवळ पंचवीस मीटर उंच. इतकं मोठं काम त्या धातूत त्याआधी कोणी केलं नव्हतं. पुढे ते मॉस्कोला नेऊन उभं केलं. वरचा पत्रा टिकला, आतला लोखंडी सांगाडा गंजत गेला. २००३ साली सगळं शिल्प उतरवून तुकडे सुटे करावे लागले आणि नवीन सांगाडा घालून ते परत उभं राहायला २००९ उजाडलं.

आणि न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता घ्या. ती तांब्याच्या पत्र्याची, आत लोखंडी पट्ट्या. तांबं आणि लोखंड खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की लोखंड खाल्लं जातं हे तेव्हाही ठाऊक होतं, म्हणून मध्ये ॲस्बेस्टॉसचे थर घातले होते. शंभर वर्षांत ते थर खलास झाले, पट्ट्या गंजून फुगल्या आणि रिव्हेट उपटून निघाले. १९८४ ते ८६ या काळात तिच्या अठराशेहून जास्त पट्ट्या एकेक करून बदलल्या. नव्या पट्ट्या कशाच्या घातल्या? ३१६ एल. ती बाई बाहेरून तांब्याची दिसते, पण आज उभी आहे ती बरीचशी स्टेनलेसच्या फासळ्यांवर.

इतक्या लांब कशाला जायचं, असं तुमच्या मनात आलं असेल. मीही तिथेच येतो आहे. राजकारणावर मी बोलणार नाही. या इमारतीत सगळ्या पक्षांची घरं आहेत आणि मला सगळ्यांकडे चहाला जायचं असतं. पण २६ ऑगस्ट २०२४ हा दिवस सोडून मालवण तालुक्यात पुतळ्यांवर बोलता येणार नाही. सोमवार होता, गोकुळाष्टमी. आमच्याकडे काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाच्या पाल्याची भाजी झाली होती, आंबोळ्यांचं पीठ फुगून वर आलं होतं. भाच्याचा फोन आला, "मामा, राजकोटचं खरं का?" मला माहीतच नव्हतं. टीव्ही लावला. पस्तीस फुटी पुतळा, ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाला पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेला, नऊ महिने पुरे व्हायच्या आत खाली आला होता. आंबोळ्या त्या दिवशी तशाच राहिल्या.

तीन-चार दिवसांनी मी मालवणला गेलो. आत सोडत नव्हते. बाहेरच एक म्हातारा मच्छीमार बसला होता, माझ्याच वयाचा. आम्ही दोघंही समोर सिंधुदुर्गाकडे बघत बसलो, बोललो काहीच नाही. महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात त्या बेटावर पायाचा दगड बसवला, पायात शिसं ओतून चिरे धरले असं आपण शाळेत शिकलो, आणि तो तट अजून लाटा खात उभा आहे. त्याच्या समोर हे व्हावं! दुखणं पुतळा पडल्याचं होतंच, पण कोणासमोर पडला याचं जास्त होतं.

नंतर चौकशी समितीचा निष्कर्ष वर्तमानपत्रांत आला. चढलेला गंज, सांगाड्याची चुकीची रचना, कच्चं वेल्डिंग. त्या बातमीत मला एकही शब्द नवीन नव्हता. माझ्या गच्चीवरच्या वाटीखाली हेच तिन्ही होतं, फक्त लहान प्रमाणात. नट-बोल्ट गंजत असल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने आधी दिलं होतं अशीही बातमी होती. म्हणजे कोणीतरी वाटी वर सरकवून बघितली होती. बघितल्यावर पुढे काय करायचं, ते ठरेपर्यंत वेळ गेली.

आता तिथे नवा पुतळा उभा आहे, साठ फुटी, ११ मे २०२५ ला त्याचं पूजन झालं. राम सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल सुतार यांच्या शिल्पशाळेचं काम. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे सुतार, जे.जे.चेच विद्यार्थी, त्या वेळी वयाची शंभर वर्षं पुरी केलेले. पुतळा कांस्याचा आहे, पण आतला आधार स्टेनलेसचा, ३१६ जातीचा. आणि दहा वर्षांची देखभाल कामातच धरलेली आहे. पुतळा बघायला पाहुणे घेऊन जाल तेव्हा मान वर करून तलवार बघता, तशी या दोन गोष्टींचीही त्यांना माहिती द्या.

वाऱ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण आपलं गलबत शिडाचं आहे आणि शीड हा पदार्थ वारा धरण्यासाठीच केलेला असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. १६ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा आपल्या पाण्याच्या टाकीचं झाकण कुठे सापडलं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या दिवशी गेटाजवळ चौदा फुटी शीड असतं तर? आणि उंचीचा हिशेब तर मला बँकेतल्या चक्रवाढ व्याजाइतका आवडला. उंची निम्मी केली, चौदाची सात, की पत्रा चौथाई लागतो, कारण लांबीही निम्मी आणि रुंदीही निम्मी. वाऱ्याचा जोरही चौथाई. आणि मुळाशी उलथवून टाकणारा जो पीळ येतो तो एक अष्टमांश, कारण जोर चौथाई आणि दांडा निम्मा. शेवटी सगळं पायातल्या बोल्टांवर येतं, आणि बोल्टांशी माझं जुनं वैर आहे.

आता देखभाल. शिकागो शहरात अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट' नावाचं शिल्प आहे. कपूर मुंबईत जन्मलेले. आरशासारखं, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं, तिथले लोक त्याला दाणाच म्हणतात. १६८ पत्रे जोडून केलेलं, आणि सांधे इतके घासले आहेत की शोधून सापडत नाहीत. जवळजवळ शंभर टन. सुरुवातीचा अंदाज ६० लाख डॉलरचा होता, खर्च झाला २ कोटी ३० लाख. मी कर्ज मंजूर करणारा असतो तर मला झोप लागली नसती. पण त्या दाण्याचं मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हात पोचेल तेवढा खालचा भाग ते लोक दिवसातून दोनदा पुसतात आणि सगळं शिल्प वर्षातून दोनदा धुतात. इतकं महागाचं स्टील, आणि रोज फडकं!

आपल्या मच्छीमारांना हे सांगावं लागत नाही. समुद्रातून आले की होडीचं मशीन गोड्या पाण्याने धुतात आणि मगच जेवायला जातात. धुणं म्हणजे एवढंच, खारटपणा काढून टाकायचा. यातही एक उलटी गोष्ट आहे. जिथे पाऊस लागतो तो भाग आपोआप धुतला जातो. शिडाच्या आतली बाजू, गलबताच्या पोटाखालचा भाग, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे मीठ बसून राहतं आणि डाग तिथेच आधी पडतात. तारेची घासणी लावायची नाही, संडास-बाथरूमचं आम्ल तर अजिबात नाही. पाणी, साबण, मऊ फडकं. हे साफसफाईच्या मावशींना आपण सांगायचं आणि वस्तूही आपणच आणून द्यायच्या.

आणखी दोन-तीन गोष्टी घाईघाईने. गलबत वरून उघडं असतं, म्हणजे ते एक मोठं घमेलं आहे. पोटाला भोकं ठेवली नाहीत तर पावसात भरेल, पानं कुजतील आणि डासांचं बाळंतपण आपण करू. डेंग्यूच्या वेळी ग्रामपंचायतीचे लोक येऊन कुंड्या उपड्या करायला लावतात, गलबत कसं उपडं करणार? दुसरं, आरशासारखी चकाकी नको. शीड आतून खोलगट आहे, खोलगट आरसा ऊन एका जागी गोळा करतो. लंडनमध्ये २०१३ साली एका खोलगट काचेच्या इमारतीने खाली उभ्या केलेल्या मोटारीचे भाग वितळवले होते. आपल्याकडे समोर तळमजल्यावरची खिडकी आहे आणि खिडकीत आजी दुपारी पेपर वाचत बसतात. बारीक घासलेला मंद पोत घ्यावा, रेषा उभ्या, म्हणजे पाणी खाली निथळून जातं. तिसरं, दिवे सोडणार असाल तर अर्थिंग. पोरं त्याला हात लावणार, चढणार, त्यांना अडवायचं नाही. कडा गोल असू द्या.

आता पैसे. समितीकडे दोन दरपत्रकं आहेत. एक ६ लाख ४० हजारांचं, त्यात मालाबद्दल एवढंच लिहिलं आहे, 'एस.एस. शीट, उत्तम फिनिश'. दुसरं ९ लाख २५ हजारांचं, त्यात ३१६ एल, पत्र्याची जाडी, सांगाडाही त्याच जातीचा, पायातले बोल्ट त्याच जातीचे, सांध्यांची आम्लाने सफाई, आणि पत्र्याच्या प्रत्येक लॉटचं कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र, असं सगळं लिहिलेलं आहे. सभासदांच्या वर्गणीतून जमले आहेत साडेसहा लाख. म्हणजे आकडा पहिल्या दरपत्रकाशी बरोबर जुळतो. २००९ साली असाच जुळला होता.

फरक सिंकिंग फंडातून काढू, असं मागच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं. मी मेलो तरी त्याला हो म्हणणार नाही. तो फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आहे, आणि पंचवीस वर्षांच्या इमारतीला दुरुस्ती लांब नसते.

माझं म्हणणं असं आहे. गलबत सात फुटांचं करा. दुसऱ्या दरपत्रकातल्या एकेका अटीसकट करा. पत्रा चौथाई लागला तरी मजुरी तेवढी कमी होत नाही, पाया आणि वाहतूक आहेच, तरी भाच्याच्या अंदाजाने सव्वाचार लाखांत बसतं. उरलेले सव्वादोन लाख 'गलबत देखभाल' या नावाने मुदत ठेवीत टाका. सहा-साडेसहा टक्क्यांनी वर्षाला चौदा हजारांच्या आसपास व्याज येईल. त्यातून धुणं, आणि दर दोन वर्षांनी बाहेरचा माणूस आणून पायातले बोल्ट उघडून तपासणं. त्या तपासणीचा कागद नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. आणि पायथ्याला शोभेची वाटी बसवायची नाही. बोल्ट सगळ्यांना दिसू देत.

सात फूट म्हणजे फारच छोटं, असं आपल्या युवक मंडळाच्या अध्यक्षांनी मला परवा जिन्यात सांगितलं. बाळा, तुझं बरोबर आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.तून ते दिसणार नाही. पण गेटातून आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल, आणि पोरांना त्याच्या शिडाला हात लावता येईल. चौदा फुटीला फक्त खालून बघता आलं असतं. तुला चौदाच हवं असेल तर आणखी दोन वर्षं वर्गणी काढू, मी माझी आगाऊ देतो. पण चौदा फूट आणि ६ लाख ४० हजार हे दोन्ही एकदम नको.

पुढच्या महिन्यातल्या सर्वसाधारण सभेत यावर मतदान आहे. दोन्ही दरपत्रकांच्या प्रती मी सेक्रेटरींकडे ठेवल्या आहेत, आणि सोबत २०१३ मध्ये काढलेला तो बोल्टही, प्लास्टिकच्या डबीत. हातात घेऊन बघा, पण हलक्या हाताने, त्याचं आता अर्धंच उरलं आहे. ठराव सात फुटांचा झाला तर धुवायची रबरी नळी माझ्याकडून, आणि पहिलं वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी स्वतः धुणार. आमच्या सौ. म्हणाल्या आहेत, बादली मी धरीन, उजव्या हाताने.